गाव सुटलं की 'कर' लागतो

कर्जतमध्ये राहणाऱ्याला कर्जतकर हे आडनाव कुणी लावत नाही. तिथं सगळेच कर्जतचे. तोच माणूस बिऱ्हाड घेऊन बोरघाट चढून पुण्याला गेला, की शेजारीपाजारी त्याला कर्जतकर करून टाकतात. 'कर' हा प्रत्यय गावाचाच, पण सुटलेल्या गावाचा. घराणं कुठून निघालं एवढंच तो सांगतो. नंतर कुठं नांदलं, याबद्दल चकार शब्द काढत नाही. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्रायली ज्यू कुटुंबांनीही हीच रीत उचलली. पेणकर, रोहेकर, केहिमकर ही त्यांची आडनावं. नाव हिब्रू, आडनाव अस्सल कोकणी.

शिवाजी महाराजांचे सरनोबत नेताजी पालकर यांचं जन्मगाव खालापूर तालुक्यातलं चौक मानतात. मग ते चौककर का नाहीत? चौकातच राहणाऱ्या घराला चौककर म्हणायचं कारण काय! पालकर म्हणजे सरळ पालचे. पण पाल साताऱ्यातही आहे आणि जळगावातही, आडनाव त्यातलं एक निवडून देत नाही. गंमत अशी की औरंगजेबाने धर्मांतर करून त्यांचं नाव मुहम्मद कुली खान केलं, १६७६ मध्ये ते स्वधर्मात परतले, आणि लोकांच्या तोंडी पालकर ते पालकरच राहिले.

हुद्द्याची आडनावं मात्र आधीचं नाव गिळून बसतात. खोपोलीचा तलाव आणि महादेवाचं देऊळ बांधणारे नाना फडणवीस मूळचे भानू, वेळासचे. 'फर्द' म्हणजे हिशेबाचा किंवा यादीचा कागद, 'नवीस' म्हणजे लिहिणारा. फर्दनवीसाचा फडणवीस आणि फडणीस झाला. चिटणीस, पारसनीस हे त्याच कारकुनी गोतावळ्यातले. नानांचं भानू हे नाव आता इतिहासाच्या पुस्तकात शोधावं लागतं.

एकाच घराण्याला दोन नावं हा प्रकार परदेशातही दिसतो. नेताजींच्याच काळात सातासमुद्रापार फ्रेंच लोक कॅनडात वसत होते. १६६५ मध्ये कारिन्यां-सालिएर पलटण तिथं उतरली आणि तिच्यातले सुमारे ४०० शिपाई तिथंच राहिले. फौजेत शिपायांना टोपणनावं असत, ती आडनावापुढे 'दी' लावून जोडत. 'दी' म्हणजे म्हटलेला, आपल्या दप्तरातला 'ऊर्फ'. (हा ऊर्फ अरबी, रूढ, सर्वांना माहीत असलेलं, असा त्याचा मूळ अर्थ.) प्येर उदों दी बोल्यू या शिपायाचे काही वंशज उदों झाले, काही बोल्यू. भाऊबंदांत आडनावाचा मेळच नाही! तिथले वंशशोधक मग चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदवह्या धरून चालतात. आपल्याकडे त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या तेच काम करतात. तिथं गेल्यावर पहिला प्रश्न मूळ गावाचा, आडनाव त्यामागून.

पण मूळ गाव सांगायची सोय ज्यांना कुणी ठेवलीच नाही, त्यांचं काय? कर्जत-खालापुरातले कातकरी हे त्यातले. खैराचा काथ काढणारे ते काथकरी, काथोडी. हे नाव जमातीचं. आडनावं वाघमारे, मुकणे, पवार, जाधव, हिलम अशी. त्यांत 'कर' शोधून पाहा, सहजी सापडत नाही. माझ्या मते याचं कारण व्याकरणात नाही, जमिनीत आहे. 'कर' मिळायला आधी गावात आपलं म्हणून घर लागतं, आणि यांच्या कितीतरी वाड्या आजही दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर आहेत. जंगलाचे कायदे आले, खैर तोडणं बंद झालं, काथ गेला. नावात तेवढा उरला.

आणि पूर्वज शोधण्याची निकड आज त्यांनाच जास्त आहे. जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा महाराष्ट्रातला रहिवास दाखवावा लागतो. वीटभट्टीच्या मोसमात घर सोडून जाणाऱ्या कुटुंबाच्या आजोबांचा कागद कुठून यायचा? असलाच तर एखाद्या जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरात, जन्ममृत्यूच्या नोंदवहीत. कर्जत-खालापुरातल्या मुख्याध्यापकांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती एवढीच, की ही दप्तरं वाळवी लागायच्या आत बाहेर काढा.