कागदाचे तास कोण मोजतं? तारापूर ते जैतापूर

बिडकीनमध्ये अणुभट्टीचा विषय काढला की पहिला प्रश्न येणार, इथे कुठे आलीय अणुभट्टी? बरोबर आहे. पण शेंद्रा-बिडकीन औद्योगिक क्षेत्रासाठी इथल्या जमिनी गेल्या, तेव्हा नोटिसा, मोजणीचे नकाशे, हरकती हे सगळं आपण जवळून पाहिलेलं आहे. मोठा प्रकल्प आधी कागदावर उभा राहतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आज आपण त्या कागदाचा इतिहास बघू, आणि एकच प्रश्न हातात धरू: हा कागद लिहायला आणि वाचायला किती तास लागतात, आणि ते तास मोजतं कोण?

सुरुवात आपल्याच राज्यातून. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या ऑक्टोबर 1969 मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या. तंत्रज्ञान अमेरिकेचं होतं. पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल तेव्हा कायद्याने मागितलाच जात नव्हता. आपल्याकडेही नाही आणि अमेरिकेतही नाही. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, 1 जानेवारी 1970 ला, अमेरिकेत राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची सही झाली.

कायदा आला, पण तिथल्या अणुऊर्जा आयोगाने सोपी वाट काढली. पर्यावरणाचा अहवाल फाइलसोबत जोडायचा. कुणी वाद काढला नाही, तर सुनावणी मंडळाने तो विचारात घ्यायची गरज नाही. मेरीलँड राज्यातल्या कॅल्व्हर्ट क्लिफ्स अणुवीज केंद्राच्या निमित्ताने हे प्रकरण कोर्टात गेलं. जुलै 1971 मध्ये न्यायाधीश स्केली राइट यांच्या खंडपीठाने आयोगाला फटकारलं. निकालाचा अर्थ साध्या भाषेत असा, की कागद फाइलीत असून भागत नाही, तो निर्णय घेताना विचारात घ्यावा लागतो. आयोगाला नियम बदलावे लागले, परवान्यांची कामं रखडली.

आता पुढची गंमत बघा. कोर्टात काही राहून गेलं असं निघू नये, म्हणून अहवाल जाड होत गेले. 1978 च्या अमेरिकी नियमांत म्हणावं लागलं, की असा अहवाल साधारण 150 पानांच्या आत असावा, फार गुंतागुंतीचा असेल तर 300. ते फारसं पाळलं गेलं नाही. म्हणून 2023 मध्ये पानांची मर्यादा आणि दोन वर्षांची मुदत थेट कायद्यात घातली.

मधल्या काळात, 1980 मध्ये, तिथे कागदपत्र कमी करण्याचा वेगळा कायदा झाला होता. सरकारी खात्याला लोकांकडून माहिती मागवायची असेल, तर आधी हिशोब मांडायचा: किती जण भरणार, प्रत्येकाला किती तास लागणार. दोन्हींचा गुणाकार म्हणजे ‘ओझ्याचे तास’. हा अंदाज प्रसिद्ध करून लोकांची मतं मागवायची, आणि मंजुरी जास्तीत जास्त तीन वर्षांची. अणुभट्टीच्या परवान्यासाठी लागणाऱ्या पर्यावरण माहितीलाही हा हिशोब लागू आहे. पद्धत चांगलीच आहे. फक्त तिच्यात माहिती देणाऱ्याचे तास धरतात. अहवाल वाचणाऱ्या शेजाऱ्याचे तास त्यात नाहीत.

आणि इथे आपण जैतापूरला येतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या माडबन परिसरात सहा अणुभट्ट्यांचा प्रस्ताव. आपल्याकडे पर्यावरण मंजुरी 1994 मध्ये सक्तीची झाली, 1997 मध्ये जनसुनावणी आली, आणि 2006 च्या अधिसूचनेने आजची चौकट दिली. या चौकटीत दिवस मोजलेले आहेत. सुनावणीची किमान 30 दिवस आधी सूचना. अंतिम अहवाल आल्यावर तज्ज्ञ समितीला 60 दिवस, त्यावर मंत्रालयाला 45, मिळून 105. स्थानिक भाषेतला सारांश बंधनकारक आहे. पूर्ण अहवाल मराठीत द्यायची सक्ती मात्र नाही.

जैतापूरचा अहवाल नागपूरच्या नीरी संस्थेने केला. जनसुनावणी 16 मे 2010 ला झाली. मराठी प्रत बहुतेक ग्रामपंचायतींपर्यंत वेळेत पोचलीच नाही, असा ग्रामस्थांचा आक्षेप होता. 28 नोव्हेंबर 2010 ला 35 अटींसह मंजुरी मिळाली, म्हणजे सुनावणीनंतर 196 दिवसांनी. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर हा काळ लांब वाटेल, आणि पुढे दर 1 जून आणि 1 डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यायचा, तेही काम आहेच. ते ओझं खोटं नाही.

पण दुसरा हिशोबही आपण करून बघू. समजा, अहवाल 500 पानांचा आहे. तांत्रिक मजकूर, म्हणून पानाला तीन मिनिटं धरा. झाले 25 तास. दिवसभर बागेत किंवा होडीवर राबणारा माणूस रात्री एक तास वाचू शकला, तर 25 रात्री. सूचना 30 दिवसांची. गावात प्रत एक आणि वाचणारे दोघे असले, की दुसऱ्याची पाळी येण्याआधी सुनावणी होऊन जाते. आणि हे सगळं इंग्रजी सहज वाचता येतं असं धरून! आकडे आम्ही समजुतीसाठी घेतलेत. पाहिजे तर बदलून बघा.

मंडळी, बिडकीनला याचं काय? 2006 च्याच अधिसूचनेत मंजूर औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना, वसाहतीच्या मंजुरीच्या मर्यादेत, जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे अशा वसाहतीत पुढे येणाऱ्या प्रत्येक कारखान्यासाठी सुनावणी होईलच असं नाही. जे वाचायचं, विचारायचं, ते वसाहतीच्या मंजुरीच्या वेळी आणि त्यानंतर सहामाही अहवालांत. कागद कमी करा, ही मागणी रास्त आहे, आम्हीही तिच्या बाजूने आहोत. 150 पानांचा मराठी अहवाल हा इंग्रजी बाडापेक्षा केव्हाही बरा. पण ओझं मोजायला बसाल, तेव्हा वाचणाऱ्याच्या त्या 25 रात्रीही वहीत मांडा. कॅल्व्हर्ट क्लिफ्सच्या निकालाने फाइल वाचायची जबाबदारी अधिकाऱ्यावर टाकली. गावाला ती वाचायला वेळ मिळावा, ही तरतूद अजून कुणी नीट केलेली नाही.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.