उजळणी आणि पट्टी

पुण्याच्या गुलटेकडी भागातील मार्केट यार्डात फळभाज्यांचे भाव दहा किलोंना, पालेभाज्यांचे शेकडा जुड्यांना आणि भुसार मालाचे क्विंटलला सांगितले जातात. माल विकला गेल्यावर शेतकऱ्याच्या हाती जी पट्टी पडते, म्हणजे विक्रीची रक्कम मांडून त्यातून मालामागचे खर्च वजा केलेला जो हिशेबाचा कागद असतो, तो वाचता आणि पडताळता येणाऱ्यालाच आपल्याला मिळालेला दाम बरोबर आहे की नाही हे कळते. वाचन आणि हिशेब यांची ही जोड मराठी प्राथमिक शिक्षणाचा जुना गाभा होती.

इंग्रजी अमलापूर्वीच्या पंतोजीच्या शाळेत मूल धूळपाटीवर, म्हणजे बारीक धूळ पसरलेल्या फळीवर, अक्षरे गिरवीत असे. पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबरच पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे त्याच्याकडून रोज म्हणून घेतले जात. पुढील काळात या उजळणीला घोकंपट्टी म्हणून हिणवले गेले, परंतु तो निवाडा अन्यायाचा आहे, कारण या पाढ्यांमागे वजनांची आणि नाण्यांची रचना होती. जेथे मण चाळीस शेरांचा आणि रुपया सोळा आण्यांचा, तेथे शेराला जितके आणे तितक्यांची अडीचकी म्हणजे मणाचे रुपये. त्यामुळे सात आणे शेराचा माल मणाला साडेसतरा रुपये पडेल, हे अडीचकी येणारे मूल पाटीला हात न लावता सांगू शके. मुंबई सरकारच्या कौन्सिलचे सभासद प्रेंडरगास्ट यांनी १८२१ मध्ये नोंदवले होते की, येथील साधा शेतकरी आणि किरकोळ दुकानदारही आपला हिशेब इंग्लंडातील सामान्य लोकांपेक्षा अधिक अचूक ठेवतात.

या प्रशस्तीत एक मोठी उणीव आहे. पंतोजीच्या शाळेची दारे मुलींना जवळजवळ बंद होती आणि अस्पृश्य मानलेल्या जातींना पूर्णपणे बंद होती, शिवाय कष्टकरी शेतकरी कुटुंबांतील बहुसंख्य मुले तिथवर पोहोचतच नसत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यातील भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली ती याच पार्श्वभूमीवर. आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे, म्हणजे सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या समितीपुढे, जोतीरावांनी जे निवेदन दिले, त्यात बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि मोडी व बालबोध लिपींतील वाचन-लेखन, हिशेब व शेतीची मूलतत्त्वे शिकवावीत, अशी मागणी होती. व्यवहाराचे जे ज्ञान आजवर मोजक्यांच्या हाती होते, ते कुणब्याच्या मुलाला मिळावे, हे त्या मागणीचे मर्म आहे. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी मंडईच्या इमारतीवरील मोठ्या खर्चाला विरोध करून शिक्षणाचा आग्रह धरला. १८८६ मध्ये रे मार्केट या नावाने उघडलेल्या त्याच मंडईला पुढे महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. शहर वाढत गेले तसा मंडईचा आणि पेठांतला घाऊक व्यापार गुलटेकडीला हलला.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, पाठोपाठ शेर आणि मण जाऊन किलो आणि क्विंटल आले, आणि अपूर्णांकांच्या पाढ्यांचा बाजारातील आधार संपला. दशमान पद्धतीत खरे महत्त्व स्थानिक किमतीला, म्हणजे अंकाच्या जागेनुसार ठरणाऱ्या त्याच्या मूल्याला, आले. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २०१९ मध्ये ‘त्रेपन्न’च्या जोडीला ‘पन्नास तीन’ असे वाचन आले, ते दशक आणि एकक मुलाला ऐकू यावेत म्हणून. त्यावर उठलेल्या वादात हा हेतू मात्र फारसा ऐकला गेला नाही.

बाजार आणि शाळा यांच्यात असे पडलेले अंतर पुण्यापुरते नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विक्री करताना मुलांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली, पण तशाच आकडेमोडी कागदावर दिल्यावर बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर उतरले. दिल्ली व कोलकात्याच्या बाजारांतील मुलांविषयी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातही असेच आढळले, आणि शाळेत जाणाऱ्या, पण बाजारात काम न करणाऱ्या मुलांना बाजारी हिशेब जमत नाही, ही उलट बाजूही दिसली. दहा किलोंच्या भावावरून एका किलोचा आणि शेकड्यावरून एका जुडीचा भाव काढणे म्हणजे स्थानिक किमतीचाच धडा आहे, आणि मार्केट यार्डाच्या परिसरातील शाळांना त्यासाठी लागणारे साहित्य रोज सकाळी दारापाशी उपलब्ध असते.