पिकअपचा ब्रेकलाइट: शंभर वर्षांची वायरिंग

ब्रेकवर पाय ठेवला की मागचा उजवा दिवा लागतो, डावा लागत नाही. पण डावीकडचा इंडिकेटर दिला, की तोच डावा दिवा झकास उघडझाप करतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातली अमेरिकन पिकअप बाळगणाऱ्याला हे कोडं कधी ना कधी पडतंच. पहिला संशय बल्बवर. तो बदलून पाहिला, फरक नाही. मग होल्डर घासून होतो, अर्थिंगचा स्क्रू सोडून पुन्हा आवळला जातो, फ्यूज तपासला जातो. सगळं ठीकठाक. दोष निघतो तो भलतीकडेच: गाडीच्या मागे नव्हे, तर चालकाच्या हाताखाली, स्टिअरिंगच्या खांबात बसवलेल्या इंडिकेटरच्या स्विचमध्ये.

मागचा दिवा दुरुस्त करायला पुढचं स्टिअरिंग का खोलावं लागतं, याचं उत्तर विजेच्या पुस्तकात कमी आणि पिकअपच्या इतिहासात जास्त सापडतं. ही गाडी थोडी थोडी करत, आधीच्या वायरिंगला नवीन वायरिंग जोडत वाढत गेली. प्रत्येक काळाने आपली सोय पाहिली आणि आपला बिघाडही मागे ठेवला.

फोर्ड कंपनीने कारखान्यातूनच मागे हौदा बसवलेली पिकअप बाजारात आणली ती १९२५ साली. मॉडेल टी गाडीचाच तो अवतार, किंमत २८१ डॉलर. थांबायचं असेल तर चालकाने खिडकीतून हात बाहेर काढायचा, हीच त्या काळची सर्वसाधारण रीत. मूकपटांची तारका फ्लॉरेन्स लॉरेन्स हिने १९१४च्या सुमारास आपल्या गाडीसाठी एक युक्ती केली होती, असं सांगितलं जातं: ब्रेक दाबला की गाडीच्या मागे ‘स्टॉप’ लिहिलेली पाटी वर येई. तिने पेटंट घेतलं नाही. मॉडेल टीनंतर आलेल्या मॉडेल एमध्ये मात्र थांबल्याची खूण देणारा विजेचा दिवा होता. त्याचा स्विच साधा, ब्रेकच्या दांड्यांच्या हालचालीवर चालणारा. दांडा हलला की कॉन्टॅक्ट जुळला. बिघडला तर डोळ्यांना दिसे आणि पकडीने वाकवून जाग्यावर आणता येई.

मग ब्रेकमध्ये तेल आलं. ड्युसेनबर्गच्या महागड्या मोटारीत ते १९२१ सालीच होतं. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक स्वीकारले थेट १९३९ साली. आता ब्रेकलाइटचा स्विच तेलाच्या नळीवर किंवा मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी बसला. पेडल दाबलं की तेलाचा दाब वाढायचा, आतला पडदा सरकायचा आणि दिवा लागायचा. कल्पना सुबक, पण दिवा पायावर नव्हे तर दाबावर अवलंबून. उतारावर चालकाने नुसता हलका पाय टेकवला, तर गाडीचा वेग कमी होई आणि मागच्याला पत्ताही नसे. पडदा जुना झाला की ब्रेकचं तेल स्विचच्या पिनांतून पाझरे. म्हणून चाळीस-पन्नासच्या दशकातल्या पिकअपचा ब्रेकलाइट गेला, की जाणकार कारागीर आधी वायरीचा कनेक्टर काढून बोटांनी चाचपतो. बोट तेलकट झालं, तर स्विच बदलायचा. बोट कोरडं राहिलं, तर दोन्ही वायरी एकमेकींना टेकवायच्या. दिवा लागला तर दोष स्विचचाच.

त्या काळच्या पिकअपला आणखी एक दुखणं होतं, सहा व्होल्टचं. सुमारे २७ वॅटचा ब्रेकचा बल्ब सहा व्होल्टवर साडेचार अँपिअर प्रवाह ओढतो, बारा व्होल्टवर सव्वादोनच. होल्डरमध्ये गंज चढून ०.२ ओहमचा अडथळा तयार झाला, तर सहा व्होल्टच्या गाडीत जवळपास एक व्होल्ट तिथेच खर्ची पडतो, म्हणजे विजेच्या एकूण दाबाचा सहावा-सातवा हिस्सा. बारा व्होल्टच्या गाडीत हाच गंज अर्धा व्होल्टही खात नाही. फोर्डच्या पिकअप १९५६ साली बारा व्होल्टच्या झाल्या. त्याआधीच्या फोर्डमध्ये अर्थिंगही उलटं, म्हणजे बॅटरीची धन बाजू चासीला जोडलेली. त्यात भर म्हणजे त्या वेळच्या अनेक पिकअपना मागे एकच दिवा येई, डावीकडे. उजवीकडचा हवा असेल तर वेगळे पैसे मोजावे लागत.

खरी मेख मारली ती इंडिकेटरने. ब्यूक कंपनीने १९३९च्या गाड्यांमध्ये उघडझाप करणारा दिशादर्शक दिला आणि युद्धानंतर ती सोय हळूहळू सगळीकडे पसरली. पिकअपवाल्यांसाठी स्टिअरिंगच्या खांबावर पट्टीने आवळायचे तयार स्विच मिळू लागले. वेगळा दिवा, वेगळी वायर, वेगळं भोक पाडण्याचा खर्च कशाला? ब्रेकचाच लाल बल्ब इंडिकेटर म्हणून वापरला. पण एकाच बल्बने दोन कामं करायची, तर कोणत्या वेळी कोणतं, हे ठरवणारा कुणीतरी हवा. ते काम इंडिकेटरच्या स्विचकडे आलं. म्हणून ब्रेकच्या पेडलपासून निघालेला करंट आधी स्टिअरिंगच्या खांबात चढतो, तिथे डावा-उजवा असा वाटला जातो आणि मग मागे जातो. डावा इंडिकेटर दिला की स्विच डाव्या बल्बचं ब्रेकशी नातं तोडून त्याला उघडझाप घडवणाऱ्या फ्लॅशरशी जोडतो. वर्षानुवर्षं झिजलेली पितळी पट्टी परत आपल्या जागी टेकली नाही, की सुरुवातीचं कोडं तयार: इंडिकेटर चालतो, ब्रेकलाइट नाही. बल्बची तीच तार लुकलुकते आहे, याचा अर्थ बल्ब, मागची वायर आणि अर्थिंग तिन्ही निर्दोष आहेत. तिघांची निर्दोष सुटका एका फटक्यात होते.

टेललाइट धरला तर बल्ब तीन कामांचा. अमेरिकेत ११५७ क्रमांकाने विकला जाणारा हा बल्ब दोन तारांचा: आठेक वॅटची मंद तार टेललाइटसाठी, २७ वॅटची प्रखर तार ब्रेक आणि इंडिकेटरसाठी. त्याच्या बुडाच्या दोन खुंट्या मुद्दाम वर-खाली असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. तरीही कुणी दामटून बसवलाच, तर टेललाइट प्रखर आणि ब्रेकलाइट मंद, असा उलटा कारभार सुरू होतो. खडबडीत रस्त्यावर एक तार तुटून दुसरीवर पडली, तर ब्रेक दाबताच डॅशबोर्डचे दिवेही उजळतात. करंट मागच्या दाराने पार्किंगच्या वायरीत शिरलेला असतो. आणि हौद्याचं अर्थिंग गंजलं, तर करंट परतीची दुसरी वाट शोधतो. मग ब्रेक दाबल्यावर टेललाइट उजळण्याऐवजी विझतो.

साठच्या दशकात ब्रेकची तेलव्यवस्था दुहेरी झाली, म्हणजे एक नळी फुटली तरी उरलेले ब्रेक चालावेत. दाबावर चालणारा एकच स्विच आता पुरेसा नव्हता. तो फुटलेल्या बाजूला असेल तर आंधळाच. स्विच पुन्हा पायापाशी, पेडलच्या दांड्यावर आला, जवळपास मॉडेल एच्या रीतीने. त्याचे बिघाडही साधे: दट्ट्या सैल झाला तर दिवे कायम जळत राहतात आणि रात्रीत बॅटरी उतरते, कारण या दिव्यांना किल्लीची गरज नसते.

सॅन फ्रान्सिस्कोत १९७४ साली मानसशास्त्रज्ञ जॉन व्होव्होडस्की यांनी ३४३ टॅक्सींना मागच्या काचेच्या तळाशी एक जादा ब्रेकलाइट बसवला. मागून बसणाऱ्या धडका इतर टॅक्सींच्या तुलनेत ६०.६ टक्क्यांनी घटल्या. अमेरिकेत मोटारींना हा तिसरा दिवा १९८६च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला, पिकअपना १९९४च्या मॉडेलपासून. सगळ्यांना तो दिसायची सवय झाल्यावर फायदा ओसरला आणि सरकारी अभ्यासात ४.३ टक्क्यांवर स्थिरावला. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र आयता साक्षीदार मिळाला. हा दिवा इंडिकेटरसोबत लुकलुकायला नको, म्हणून त्याची वायर सहसा इंडिकेटरच्या स्विचला वळसा घालून थेट पेडलच्या स्विचकडून येते. तिसरा लागतो आणि खालचे दोन्ही लागत नाहीत, तर पेडलकडे पाहायचंच नाही. स्टिअरिंगचा खांब खोलायचा. तिन्ही बंद असतील तर आधी फ्यूज, मग पेडल.

भारतात मागचा इंडिकेटर पिवळा आणि वेगळा असतो, त्यामुळे आपल्याकडच्या पिकअपमध्ये हा शोध पेडलच्या स्विचवरून सरळ मागच्या बल्बकडे जातो. मधला फेरा नाही. पिवळा दिवा सरस असल्याचं अमेरिकेलाही ठाऊक आहे. तिथल्या महामार्ग सुरक्षा संस्थेच्या २००९च्या अहवालानुसार वळणाऱ्या गाडीला मागून बसणाऱ्या धडका पिवळ्या इंडिकेटरमुळे ५.३ टक्क्यांनी कमी होतात. नियमाने तरीही लालची मुभा ठेवली आहे. पिकअपमागे ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरचा चार वायरींचा प्लगही त्याच जुन्या हिशेबाने बनलेला आहे: एक अर्थिंगची, एक टेललाइटची आणि ब्रेक-इंडिकेटरच्या मिळून डावी-उजवी अशा दोनच. ज्या गाडीत पिवळा इंडिकेटर वेगळा आहे, तिला असा ट्रेलर जोडायचा तर मधे कन्व्हर्टरची एक डबी बसवावी लागते. ती ब्रेक आणि इंडिकेटरचे वेगवेगळे आलेले करंट पुन्हा एकाच वायरीत घालते.