निष्क्रिय मानलेली खडी
काँक्रीटमधील खडी व वाळू हे निव्वळ भरीचे, निष्क्रिय द्रव्य होय, हा समज दीर्घकाळ रूढ होता. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग विभागातील टॉमस स्टँटन यांनी १९४० साली त्यास धक्का दिला. सॅलिनास खोऱ्यातील बांधकामांना पडलेल्या भेगांचा शोध घेताना त्यांना आढळले की, सिमेंटमधील अल्कली आणि खडीतील ओपलसारखी सिलिका यांच्या विक्रियेतून एक चिकट पदार्थ निर्माण होतो. तो पाणी शोषून फुगतो आणि काँक्रीट आतून तडकते. दोष एकट्या सिमेंटचा नव्हे, एकट्या दगडाचाही नव्हे. म्हणूनच दोहोंच्या पृथक् कसोट्यांत तो निसटला असावा. कोलोरॅडो नदीवरील, १९३८ मध्ये पूर्ण झालेल्या पार्कर धरणातही लवकरच हाच विकार दिसला. पुढे सिमेंटमधील अल्कलीस ०.६ टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. तथापि सिमेंटच अधिक वापरले, तर काँक्रीटमधील एकूण अल्कली वाढतेच.