भुलेतील श्वासाची राखण

करी रोड स्थानकातून बाहेर पडून परळच्या दिशेने चालू लागले म्हणजे, ज्या वस्तीचा दिवस एकेकाळी गिरण्यांच्या भोंग्यांनी उगवत असे तिच्या शेजारीच, १९२६ साली सुरू झालेले के. ई. एम. रुग्णालय लागते. येथे पोटाच्या व्यथेसाठी येणारा गिरणी कामगार कित्येकदा कापसाच्या धुळीने क्षीण झालेली फुप्फुसे बरोबर घेऊन येई. त्या धुळीच्या विकाराचा अभ्यास याच रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांनी मुंबईच्या कामगारांत केला. अशा मनुष्याला डाव्या कुशीवर निजवून, गुंगीचे औषध देऊन, घशातून दुर्बीण उतरवावयाची म्हणजे त्याच्या श्वासावर कोणी तरी अखंड पहारा ठेवलाच पाहिजे.

हा पहारा दुर्बिणीहून जुना आहे. १८४७ च्या अखेरीस एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म प्रचारात आणले आणि दोनच महिन्यांनी, जानेवारी १८४८ मध्ये, इंग्लंडात हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी त्याच्या भुलेत दगावली. तेव्हापासून नाडीवर बोट ठेवावे की श्वासाकडे पाहावे, असा वाद वैद्यांत पेटला. श्वासाचा पक्ष घेणाऱ्या सर्जन साइमचा शिष्य एडवर्ड लॉरी हैदराबादेस रेसिडेन्सी सर्जन होता. ज्या निजाम सरकारच्या अमलाखाली आपला मराठवाडाही होता, त्याच सरकारच्या आश्रयाने १८८८ साली लॉरीच्या पुढाकाराने क्लोरोफॉर्म कमिशन बसले, आणि त्याचा निर्वाळा लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पटेना म्हणून निजामाच्याच खर्चाने लॉडर ब्रंटन यांना विलायतेहून पाचारण करून १८८९ मध्ये दुसरे कमिशन नेमण्यात आले. असंख्य मुक्या प्राण्यांवरील प्रयोगांअंती त्याने सांगितले की आधी श्वास थांबतो, हृदय मागाहून.

पुढे १९११ मध्ये गुडमन लेव्हीने दाखवून दिले की हलक्या भुलेतही क्लोरोफॉर्म हृदयाची लय एकाएकी उद्ध्वस्त करू शकते. लॉरीचा सिद्धांत त्यामुळे ढळला; परंतु त्याने लावून धरलेली शिस्त, म्हणजे भूल देणाऱ्याने क्षणभरही श्वासावरची नजर काढू नये, ही मला त्या सिद्धांताहून मोलाची वाटते, कारण आजच्या गुंगीच्या औषधांत संकट बहुधा श्वासाच्याच वाटेने येते.

१९५७ मध्ये हिर्शोविट्झने काचतंतूंची लवचिक दुर्बीण सिद्ध केली आणि पोटाच्या आतील तपासणी सुलभ झाली. मिडाझोलम, प्रोपोफॉल ही गुंगीची औषधे आली आणि ती तपासणी सुसह्यही झाली. मात्र गुंगी थोडी गडद झाली की जीभ मागे पडते, घशाचे स्नायू सैल होतात आणि छाती हलत असूनही वारा आत जात नाही. दुर्बीण धरणाऱ्याची दृष्टी पडद्यावर खिळलेली, खोलीत बहुधा अंधार, आणि रोग्याचे तोंड दुसरीकडे वळलेले. १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी नाडीच्या स्पंदनांवरून रक्तातील प्राणवायू मोजण्याची युक्ती मांडली, आणि तिच्यापासून घडलेले बोटाला लावावयाचे ते यंत्र कोरोनाच्या साथीत चाळीतल्या खोल्यांपर्यंतही पोहोचले. परंतु नाकात नळीने प्राणवायू चालू असेल तर श्वास थांबल्यावरही तो आकडा काही काळ चांगलाच दिसत राहतो. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ मात्र लागलीच आडवी रेघ काढतो. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संस्थेने २०११ पासून मध्यम व गाढ गुंगीत ही मोजणी आपल्या मानकांत घातली, ती याच कारणाने.

तरीही ज्याला त्या खोलीत अन्य कोणतीही कामगिरी नाही असा एक जाणता इसम रोग्याच्या उशाशी तैनात असावा, या जुन्या दस्तुराची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही. रेघ आडवी झाली की हनुवटी उचलून वाट मोकळी करणे, औषध थांबवणे, गरज पडल्यास मुखवट्याने श्वास देणे आणि दुर्बीण बाहेर काढण्यास सांगण्याचा अखत्यार असणे, हे सारे त्याच्याकडे येते. आणि तालुक्याच्या गावी जेथे जेथे अशी तपासणी होते तेथे त्या इसमाची तजवीज आधी व्हावी, पडदा मोठा की लहान याचा विचार नंतर.