कॅसेटची खरखर आणि आजीचा आवाज

तुमच्या तळघरातल्या खोक्यात अजून जुन्या कॅसेट आहेत का? मग आजची गोष्ट तुमचीच.

खिशातल्या संगीताचा बराच इतिहास आपल्या बर्लिनमध्ये घडला. १९३५ साली इथल्या रेडिओ प्रदर्शनात एईजी कंपनीने मॅग्नेटोफोन हा टेपरेकॉर्डर लोकांना दाखवला. १९३७ मध्ये ऑयगेन बायर यांच्या बर्लिनमधल्या कंपनीने डीटी ४८ हा हेडफोन काढला. आणि १९६३ च्या प्रदर्शनात फिलिप्सने कॅसेट मांडली.

ती कॅसेट मुळात बोलणं टिपण्यासाठी होती, गाण्यासाठी नव्हे. फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद, वेग सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर. म्हणून तर गाण्यामागे ती सततची खरखर. डॉल्बीने ती कमी केली, आणि १९७९ मध्ये सोनीच्या वॉकमनने कॅसेट खिशात नेली.

पुढे एमपी३ आली. खरखर गेली, पण कानाला सहसा न जाणवणारे तपशीलही गाळले गेले. सीडीवर सेकंदाला १४११ किलोबिट. १२८ च्या एमपी३त त्याचा जेमतेम अकरावा हिस्सा.

गाणी आज कुठेही मिळतील. पण गावाहून आलेल्या कॅसेटमधलं आजीचं बोलणं दुसरीकडे कुठे मिळणार? आणि फीत वर्षागणिक खराब होते. म्हणून ती यंदाच संगणकावर उतरवून घ्या, आणि मूळ प्रत वेव्ह फाइलमध्येच ठेवा. एकदा गाळलेलं परत येत नाही.

भेटू पुढच्या भागात!