रोही आडवा आला, गाडी फुटली. दुरुस्तीचे पैसे विम्यातून कसे मिळतात?

बुलढाणा : रात्रीची वेळ. राजूर घाट उतरून गाडी मोताळ्याकडे निघालेली आणि अचानक रोही आडवा येतो. माणसं वाचतात, पण बोनेट, बंपर, काच सगळं जातं. समोर दुसरी गाडी नाही, मग भरपाई मागायची कुणाकडे? अशा वेळी आपलीच पॉलिसी कामी येते. मात्र ती कोणती आहे, हे आजच बघून ठेवा.

थर्ड पार्टी की फुल इन्शुरन्स?
कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. त्यातून समोरच्याचं नुकसान भरून मिळतं, आपल्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही. स्वतःच्या गाडीसाठी 'ओन डॅमेज' भाग हवा. थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज मिळून होते ती कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी, म्हणजे आपण म्हणतो तो 'फुल इन्शुरन्स'.

अपघात झाल्यावर काय करावं?
१. आधी माणसं बघा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२.
२. गाडी हलवण्याआधी नंबर प्लेट, तुटलेला भाग आणि रस्ता दिसेल असे फोटो काढा.
३. पॉलिसीवरच्या नंबरवर लगेच कळवा आणि क्लेम नंबर लिहून घ्या.
४. कुणी जखमी झालं किंवा दुसऱ्याचं नुकसान झालं, तर पोलिसांत नोंद कराच.
५. सर्व्हेअर येऊन पाहणी करेपर्यंत गाडी खोलू नका. "आधी काम उरकून घेऊ, पैसे नंतर मागू" म्हणणाऱ्यांचेच क्लेम अडकतात. तुटलेले पार्टही जपून ठेवा.

कंपनीशी जोडलेल्या गॅरेजमध्ये कॅशलेस सोय मिळते. गावच्या ओळखीच्या मिस्त्रीकडेही काम करता येतं, पण कंपनीला आधी सांगा आणि पक्कं बिल घ्या. तिथे पैसे आधी आपण भरायचे, कंपनी नंतर खात्यात जमा करते.

पूर्ण बिल का मिळत नाही?
साध्या पॉलिसीत पार्टची घसारा कपात होते. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरीवर ५० टक्के. काचेवर काहीच नाही. लोखंडी भागावर गाडीच्या वयाप्रमाणे.

समजा, गाडी साडेचार वर्षांची आहे :
• बंपर ८,००० – मिळतात ४,०००
• बोनेट १०,००० (३५ टक्के कपात) – ६,५००
• प्लास्टिकचे हेडलाइट ६,००० – ३,०००
• समोरची काच ६,००० – ६,०००
• मजुरी ५,००० – ५,०००

बिल ३५,००० रुपयांचं, हिशेबात धरले २४,५००. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये सक्तीची कपात. म्हणजे हाती २३,५०० आणि खिशातून ११,५०० (रंगकाम व जीएसटी बाजूला ठेवून). 'झिरो डेप' घेतलेलं असेल तर पार्टवरची ही घसारा कपात सहसा टळते.

नुकसान किरकोळ असेल तर आधी विचार करा. क्लेम घेतला की नो क्लेम बोनस जातो. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या हप्त्यात ५० टक्के सूट असते. दोन हजारांच्या कामासाठी ती घालवू नका.

क्लेम कुठे अडतो?
• पॉलिसीची मुदत संपलेली.
• चालकाकडे वैध लायसन्स नाही, किंवा तो दारू प्यायलेला.
• पांढऱ्या नंबर प्लेटची घरची गाडी लग्नाच्या भाड्याला लावलेली.

पिकअपवाल्यांसाठी : ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचं मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या (एलएमव्ही) लायसन्सवर चालवता येतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. केवळ तेवढ्या कारणावरून क्लेम नाकारला, तर हा निकाल दाखवा.

कंपनी ऐकत नसेल तर?
नकाराचं कारण लेखी मागा. आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे लिहा. तिथे भागलं नाही तर विमा नियामकाच्या १५५२५५ या नंबरवर तक्रार करा. महिनाभरात दाद मिळाली नाही तर विमा लोकपालांकडे जा, तिथे फी नाही. बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे.

आज एवढंच करा : पॉलिसी उघडा, 'ओन डॅमेज' लिहिलंय का आणि शेवटची तारीख कोणती ते बघा, अन् तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.